वाचकांचे प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर चालतं, तिथे का पडतं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. इंटेल-एएमडीच्या, म्हणजे एक्स86 घराण्याच्या बाहेरच्या प्रोसेसरवर सर्व्हर पडतो किंवा उभाच राहत नाही, ही सगळ्यांची तक्रार. माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं अशाच मशिनांसमोर गेली, त्यामुळे उत्तरं थोडी लांबली आहेत.

ताई, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सन फायर व्ही240 हा जुना सर्व्हर पडून होता. सरांनी तो आमच्या ताब्यात दिला. त्यावर डेबियनचं स्पार्क64 पोर्ट टाकून आम्ही आमच्या प्रोजेक्टचा सी मधला सर्व्हर कम्पाइल केला. द्राक्षबागेतल्या सेन्सरची मापं घेऊन साठवणं हे त्याचं काम. मेसेजमध्ये पहिला बाइट प्रकाराचा, पुढचे दोन सेन्सर क्रमांकाचे, मग आठ बाइट वेळ आणि शेवटी चार बाइट लांबी व मजकूर. लॅपटॉपवर तो आठ-आठ दिवस चालतो. इथे पहिल्याच मेसेजला मरतो आणि स्क्रिप्टला एक्झिट स्टेटस 138 मिळतो. 128 वजा केले तर 10 उरतात, आणि सिग्नलच्या यादीत 10 म्हणजे सिगयूजर1. तसला सिग्नल आम्ही कुठूनच पाठवत नाही. मशीन जुनं आहे, रॅम गेली असेल का? – एक विद्यार्थिनी, सांगली

रॅमला हात लावू नका. 128 वजा करायचं तुम्हाला सुचलं, हे फार चांगलं झालं. सिग्नल म्हणजे प्रोग्रॅमला मिळणारा इशारा; त्याने प्रोग्रॅम मेला की शेल 128 अधिक सिग्नलचा क्रमांक असा स्टेटस देतं. फक्त यादी चुकीच्या मशिनची बघितलीत. लिनक्समध्ये सिग्नलचे क्रमांक सगळ्या प्रोसेसरवर सारखे नसतात. एक्स86 वर 10 म्हणजे सिगयूजर1, पण तुमच्या सनच्या मशिनमधल्या स्पार्क प्रोसेसरवर 10 म्हणजे सिगबस, आपण ज्याला बस एरर म्हणतो तो. स्पार्कवर सिगयूजर1 चा क्रमांक 30 आहे आणि एक्स86 वर सिगबसचा 7. म्हणून सिग्नलची यादी इंटरनेटवर शोधायची नाही. ज्या मशिनवर प्रोग्रॅम मेला, त्याच मशिनवर ‘किल’ कमांडला ‘-एल’ आणि 10 देऊन विचारायचं. ते ‘बस’ असं उत्तर देईल.

आता बस एरर का आला ते बघू. स्पार्कचा एक नियम आहे. दोन बाइटची संख्या वाचायची तर तिचा पत्ता 2 ने भागला गेला पाहिजे, चार बाइटची असेल तर 4 ने, आठ बाइटची असेल तर 8 ने. नियम मोडला की प्रोसेसर तिथेच थांबतो आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तुमच्या प्रोग्रॅमला सिगबस पाठवतो. एक्स86 वर साध्या वाचनाला असा नियम नाही. पत्ता कसाही असला तरी संख्या वाचून देतो.

तुमचा मेसेज या नियमाला लावून बघा. 64-बिट मशिनवर मॅलॉकने (मेमरी मागून देणाऱ्या फंक्शनने) दिलेल्या बफरचा पत्ता 16 च्या पटीत असतो, म्हणजे हेक्समध्ये शेवटचा आकडा 0. पहिला बाइट प्रकाराचा, म्हणून सेन्सर क्रमांकाचा पत्ता 1 ने संपतो. विषम पत्त्यावर दोन बाइटची संख्या! वेळेपर्यंत पोचायच्या आधीच तुमचा सर्व्हर तिथे मेला असणार. तेवढंच दुरुस्त केलंत तर पुढच्या खेपेला वेळ वाचताना मरेल, कारण तिचा पत्ता 3 ने संपतो.

माझ्या शब्दावर विसंबू नका, पुरावा काढा. शेलमध्ये ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ द्या, प्रोग्रॅम ‘-जी’ घालून कम्पाइल करा (ऑप्टिमायझेशन मात्र आहे तेच ठेवा, नाहीतर वेगळाच प्रोग्रॅम तपासत बसाल) आणि पुन्हा पाडा. कोअर फाईल, म्हणजे प्रोग्रॅम मरतानाची मेमरीची नक्कल, जीडीबी या डीबगरमध्ये उघडा आणि तीन गोष्टी बघा. बॅकट्रेसमध्ये (कुठलं फंक्शन कुणी बोलावलं त्या यादीत) तुमच्या कोडची ओळ. प्रोग्रॅम काउंटरपाशी, म्हणजे प्रोसेसर जिथे थांबला तिथे, असलेली मशीन इन्स्ट्रक्शन. तिथे ‘एलडीयूएच’ दिसली तर ते दोन बाइटचं वाचन, ‘एलडीएक्स’ दिसली तर आठ बाइटचं. तिसरी गोष्ट, सिग्नलच्या माहितीतला पत्ता. त्याचा शेवटचा आकडा आणि इन्स्ट्रक्शनला हवे असलेले बाइट यांचा मेळ बसत नसेल, तर खटला तिथेच निकाली निघतो. या तीन ओळी हातात आल्याशिवाय कोडमधलं एक अक्षरही बदलायचं नाही, ही सवय आत्ताच लावून घ्या.

दुरुस्ती सोपी आहे. तुमच्या कोडमध्ये बफरमधल्या पत्त्याला सरळ आठ बाइटच्या पूर्णांकाचा पॉइंटर बनवून वाचलं असणार. त्याऐवजी एक स्थानिक व्हेरिएबल घ्या आणि मेमकॉपी या नक्कल करणाऱ्या फंक्शनने त्यात आठ बाइट उतरवून घ्या. मेमकॉपीने वेग कमी होईल अशी भीती मुलांना वाटते. एक्स86 वर कम्पायलर त्या मेमकॉपीची एकच इन्स्ट्रक्शन करतो, तेव्हा तिथे काहीही फरक पडत नाही. कुणी ‘पॅक्ड’ स्ट्रक्ट (मध्ये मोकळी जागा न सोडता फील्ड लावणारी रचना) वापरायला सांगेल. तेही चालतं, पण एक सांभाळा: स्ट्रक्टच्या नावाने फील्ड वाचलं तर कम्पायलर सावधपणे बाइट-बाइट उचलतो; त्याच फील्डचा पत्ता काढून साधा पॉइंटर म्हणून दुसऱ्या फंक्शनला दिलात, की ती सावधगिरी संपली आणि बस एरर परत आला.

हे झालं की पुढे अजून एक खड्डा आहे, आणि तुम्ही त्यात पडणारच, म्हणून आधीच सांगते. स्पार्क संख्येचा मोठा बाइट आधी ठेवतो, तुमचा लॅपटॉप लहान बाइट आधी. लॅपटॉपवरून मेसेज पाठवताना बाइटचा क्रम ठरवून दिला नसेल, तर 12 ही लांबी स्पार्कला 20,13,26,592 अशी दिसेल. 12 बाइटच्या मजकुरासाठी सर्व्हर 20 कोटींहून जास्त बाइट मागेल किंवा बफर ओलांडून वाचत सुटेल, आणि त्या वेळी सिगबस न येता सेगफॉल्ट (आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल) येईल. असा अवाढव्य आकडा दिसला की तो हेक्समध्ये लिहून बघा. 12 म्हणजे 0सी, आणि तो आकडा 0सी च्या मागे सहा शून्यं असा निघतो. पोर्ट 80 च्या जागी 20480 दिसणं हाही तोच प्रकार. पाठवताना नेटवर्कचा क्रम (मोठा बाइट आधी) आणि घेताना मशीनचा, ही शिस्त दोन्ही टोकांना पाळा.

हे वाचताना मला 2001 साल आठवतं. एका ग्राहकाकडे बिलांचा प्रोग्रॅम सनच्या मशिनवर न्यायचा होता आणि तो असाच बस एरर देऊन मरत होता. सनच्या कम्पायलरला ‘-मिसअलाइन’ नावाचा पर्याय होता. तो दिला की पत्ता कसाही असला तरी चालून जातं. वेळ नव्हता म्हणून आम्ही तो देऊन मोकळे झालो. महिनाअखेरीची बिलं रात्रीत निघायची, ती सकाळी अकरापर्यंत निघत राहिली, आणि काउंटरवर माणसं उभी होती. त्यानंतर तीन आठवडे बसून आम्ही एकेक पॉइंटर दुरुस्त केला. ते तीन आठवडे आधीच द्यायला हवे होते असं मला आजही वाटतं.

आणि हो, हे मशीन जुनं म्हणून अडगळीत टाकू नका. पुण्याच्या सी-डॅकने 1998 साली उभा केलेला परम 10000 हा महासंगणक याच घराण्यातल्या अल्ट्रास्पार्क-2 वर चालत होता. त्याच्या आधीचा, 1991 चा परम 8000 इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरवर. आपल्याकडे एक्स86 च्या बाहेरची मशिनं समजून घेणारी एक पिढी या यंत्रांवर घडली. शिवाय तुमची चूक लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममध्येही आहेच, फक्त झाकलेली. कम्पायलरने उद्या तिथे एकदम सोळा बाइट उचलणारी इन्स्ट्रक्शन टाकली, तर एक्स86 वरही सेगफॉल्ट येऊ शकतो. म्हणून लॅपटॉपवर जीसीसीची ‘कास्ट-अलाइन’ वॉर्निंग ‘स्ट्रिक्ट’ करून चालू करा (साधी वॉर्निंग एक्स86 वर गप्प बसते), आणि अलाइनमेंटचा, म्हणजे पत्ता हव्या त्या पटीत आहे का हे तपासणारा, सॅनिटायझर लावून सर्व्हर एकदा चालवा. स्पार्कने जिथे पाडलं त्या ओळी तो लॅपटॉपवरच दाखवेल.

रास्पबेरी पाय 4 या छोट्या बोर्ड-संगणकावर मोंगोडीबी 5.0 टाकलं. सुरू करताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येऊन बंद पडतं, लॉगमध्ये एक अक्षरही नाही. तीन वेळा नव्याने टाकलं. मेमरी कार्ड बदलू का? – एक वाचक, कुडाळ

कार्ड ठीक आहे. सिगिल, म्हणजे क्रमांक 4 चा सिग्नल, याचा अर्थ प्रोसेसरला अशी एक इन्स्ट्रक्शन मिळाली जी त्याला माहीतच नाही. मोंगोडीबीच्या 5.0 पासून 64-बिट आर्मवर (पायचा प्रोसेसर याच घराण्यातला) किमान आर्मव्ही8.2-ए या आवृत्तीचा प्रोसेसर लागतो, आणि तसं त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पाय 4 मधला कॉर्टेक्स-ए72 हा आर्मव्ही8.0-ए आहे. लॉग लिहायची वेळ येण्याआधीच प्रोग्रॅम मरतो, म्हणून लॉग कोरा राहतो. खात्री करायची तर ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ मध्ये ‘फीचर्स’ची ओळ बघा. आर्मव्ही8.1 पासून आलेल्या नव्या अ‍ॅटॉमिक इन्स्ट्रक्शन असतील तर तिथे ‘अ‍ॅटॉमिक्स’ हा शब्द असतो. पाय 4 वर तो मिळणार नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: पाय 5 घ्या (त्यात कॉर्टेक्स-ए76 आहे, तो 8.2 चा), दुसरा डेटाबेस वापरा, नाहीतर तुमच्या प्रोसेसरसाठी स्वतः कम्पाइल करा. तिसरी वाट पायवर करू नका, तेवढी मेमरी तिथे नाही. घरच्या हिशेबासाठी डेटाबेस हवा असेल तर मी दुसरी वाट धरीन.

मी मात्र पाय 5 घेतला आणि फसलो. पाय 4 वर बिनतक्रार चालणारा आमचा कॅश सर्व्हर पाय 5 वर उभाच राहत नाही. ‘अनसपोर्टेड सिस्टीम पेज साइझ’ एवढंच सांगतो. प्रोसेसर तर जास्त नवा आहे! – एक वाचक, इचलकरंजी

तुम्ही फसलेला नाहीत, प्रोसेसरचा इथे संबंधच नाही. कर्नल मेमरी पानांच्या हिशेबात वाटतं. एक्स86 वर आणि पाय 4 वर पान 4 किलोबाइटचं असतं. पाय 5 साठी रास्पबेरी पायच्या ओएसमध्ये जे कर्नल येतं त्यात ते 16 किलोबाइटचं आहे. तुमच्या सर्व्हरमध्ये जेमॅलॉक नावाचा मेमरी वाटणारा भाग आहे, आणि पानाचं माप त्यात कम्पाइल करतानाच पक्कं केलेलं असतं. 4 किलोबाइट धरून बनवलेला जेमॅलॉक 16 चं पान बघून थांबतो. तो थांबतो हे चांगलंच आहे. पुढे गेला असता तर तुमचा डेटा बिघडला असता.

‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ देऊन बघा, 16384 येईल. आज संध्याकाळी सर्व्हर चालू करायचा असेल तर बूटच्या ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ मध्ये ‘कर्नल=कर्नल8.आयएमजी’ ही ओळ घाला आणि रीस्टार्ट करा, 4096 दिसेल. कायमचं करायचं असेल तर जेमॅलॉक ‘एलजी-पेज’ 16 ठेवून कम्पाइल करा. 2 चा 16 वा घात म्हणजे 65536, आणि मोठ्या पानासाठी बनवलेला जेमॅलॉक लहान पानावर चालतो. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरच्या सर्व्हरवर 64 किलोबाइटची पानं सर्रास असतात, तिथेही हीच आवृत्ती उपयोगी पडेल. कोडमध्ये कुठेही 4096 हा आकडा हाताने लिहिला असेल, तर तोही या निमित्ताने शोधून काढा.

आमच्या कंपनीने खर्च वाचवायला सर्व्हर एक्स86 वरून क्लाउडमधल्या 64-बिट आर्म मशिनवर नेले. सी++ मधली आमची सेवा तीन-चार दिवसांतून एकदा सेगफॉल्ट देते. दर वेळी एकाच रांगेच्या कोडमध्ये, पण कधी पॉइंटर शून्य, कधी अर्धवट भरलेला रेकॉर्ड. लॉगिंग वाढवलं की आठवडाभर पडत नाही. क्यूईएमयूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) महिनाभर चालवलं, एकदाही पडलं नाही. – एक वाचक, हिंजवडी

या पत्रावर मी दोन दिवस विचार केला. ‘लॉगिंग वाढवलं की पडत नाही’ हे वाक्य वाचल्यावर माझी जवळजवळ खात्री झाली होती, ‘अर्धवट भरलेला रेकॉर्ड’ने ती पक्की केली.

पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी पानं वाढतात, आणि सगळं वाढून झालं की कुणीतरी ‘होऊ द्या सावकाश’ म्हणतं. ती हाक ऐकल्यावरच माणसं जेवायला लागतात. तुमच्या रांगेत एक थ्रेड (प्रोग्रॅममध्ये इतरांच्या बरोबरीने चालणारं एक काम) रेकॉर्ड भरतो, ते वाढप. मग ‘तयार’ हा झेंडा वर करतो, ती हाक. दुसरा थ्रेड झेंडा बघून रेकॉर्ड उचलतो. एक्स86 वर एका कोअरने केलेली लिखाणं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतात, म्हणून हाक कधीच वाढपाच्या आधी ऐकू येत नाही. आर्म आणि पॉवर प्रोसेसर अशी हमी देत नाहीत. दोन वेगवेगळ्या जागी केलेली लिखाणं दुसऱ्या कोअरला उलट्या क्रमाने दिसू शकतात. हाक आधी पोचते, भात मागून. ज्या क्षणी वाचणारा त्या फटीत सापडतो, त्या क्षणी त्याच्या हातात शून्य पॉइंटर नाहीतर अर्धा रेकॉर्ड येतो. लॉगिंगमुळे मध्ये लॉक आणि सिस्टीम कॉल येतात, फट बुजते, म्हणून क्रॅश गायब होतो. आणि क्यूईएमयू तुम्ही एक्स86 मशिनवर चालवला असणार. खाली प्रोसेसर एक्स86 चाच असल्याने त्याचीच क्रमाची हमी लागू राहते. त्या महिन्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

कोड उघडा आणि झेंड्याचं डिक्लरेशन बघा. मला तिथे ‘व्होलाटाइल’ दिसेल अशी अपेक्षा आहे. व्होलाटाइल कम्पायलरला सांगतं की ही जागा दर वेळी नव्याने वाच. प्रोसेसरने क्रम पाळावा असं ते कुणालाच सांगत नाही. सी++11 पासून त्यासाठी अ‍ॅटॉमिक आहेत: झेंडा वर करताना ‘रिलीज’ने लिहा, बघताना ‘अ‍ॅक्वायर’ने वाचा. दोन्ही टोकांना हवं. एकाच टोकाला केलं तर फट अरुंद होईल आणि क्रॅश तीन दिवसांऐवजी तीन महिन्यांनी येईल, आणि तो शोधणं जास्त कठीण. टीममध्ये याबद्दल पुरेशी खात्री नसेल तर रांगेला सरळ म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लावा. किती मंदावतं ते मोजून बघा, बहुतेक वेळा चालवून घेण्याइतकंच असतं.

थ्रेड सॅनिटायझर एक्स86 वरही दोन थ्रेडची ही शर्यत पकडतो, कारण क्रॅश झाला की नाही यापेक्षा दोन थ्रेडमध्ये क्रम ठरवून दिला आहे की नाही हे तो तपासतो. आधी तो चालवा. दुरुस्तीची चाचणी मात्र खऱ्या आर्मवर, सगळे कोअर कामाला लावून, लॉगिंग बंद ठेवून करा. चार कोअरचा पाय 4 सुद्धा त्यासाठी चालतो. तुम्ही मुक्त सॉफ्टवेअरवर काम करत असाल तर जीसीसीच्या कम्पाइल फार्मवर पॉवर, स्पार्क, रिस्क-व्ही अशी खरी मशिनं विनामूल्य वापरायला मिळतात.

मी हे इतकं आग्रहाने लिहिते त्याला कारण आहे. 2009 मध्ये एका पॉवर मशिनवर नेमका हाच प्रकार झाला होता. चार महिने आम्ही हार्डवेअरला दोष दिला, मेमरीच्या पट्ट्या दोनदा बदलून घेतल्या. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने कोअर फाईली भिंतीवर ओळीने चिकटवल्या आणि दाखवलं की प्रत्येकीत रेकॉर्डचा पहिला भाग नवा आहे आणि शेवटचा जुना. मेमरी खराब असती तर चूक दर वेळी त्याच जागी पडली नसती. तुमच्याकडे साठलेल्या कोअर फाईली अजून पुसल्या नसतील तर त्यात हेच आधी बघा.

आमचा छोटा सर्व्हर आर्म बोर्डवर पडत नाही, पण सुरूही होत नाही. एक कोअर 100 टक्के आणि पुढे शांतता. जीडीबी जोडलं की ‘गेटऑप्ट’च्या लूपमध्ये सापडतो. – एक वाचक, पणजी

‘गेटऑप्ट’ने, म्हणजे कमांडला दिलेले पर्याय एकेक करून वाचणाऱ्या फंक्शनने, परत दिलेली किंमत तुम्ही ‘कॅर’ या एका बाइटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली आहे. पर्याय संपले की ते -1 देतं. एक्स86 च्या लिनक्सवर कॅरमध्ये ऋण संख्या मावते, आर्मवर कॅर डीफॉल्टने बिनचिन्हाचा असतो, म्हणून -1 चे 255 होतात आणि लूपची अट कधीच पुरी होत नाही. तपासायला एकदा ‘-एफसाइन्ड-कॅर’ देऊन कम्पाइल करा, सर्व्हर सुरू होईल. मग तो पर्याय काढून टाका आणि व्हेरिएबल ‘इंट’ करा. फाईलमधून एकेक अक्षर वाचणारे लूपही त्याच बैठकीत बघून घ्या, तिथे फाईल संपल्याची खूणही -1 च असते.